शमालमध्ये मोजलेली माणसं

चूक माझी होती आणि ती एका वाक्याची होती. "इनास दर शुक्रवारी त्याच्याबरोबर चर्चला जातो, सर," एवढंच मी म्हणालो. वाक्य खरं होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि इतके दिवस मी त्याच आधारावर झोपत आलो. पण त्या खऱ्या वाक्यानं एका माणसाची साक्ष मोडली आणि दुसऱ्याला या देशातून घालवलं. ज्याची साक्ष मोडली, तो इनास लोपीस माझा इथला सगळ्यात जवळचा मित्र होता.

दोन आठवड्यांपासून शमाल पुन्हा सुटलाय. उत्तरेकडचा हा वारा उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो आणि आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसतो. आपल्याकडे वारा वाहतो, हा मारतो. आखातातल्या या अल खोर गावाला समुद्र अगदी शेजारी, पण या दिवसांत त्याच्याकडे तोंड करून उभं राहता येत नाही. वाळू गालाला टोचते, कानात शिरते, घास चावताना दातांखाली कचकचते. कंपाउंडमधल्या खजुरांच्या घडांना जाळीच्या पिशव्या बांधल्या आहेत. वाऱ्यात ते घड खोडावर आपटतात, पोत्यात घालून कुणाला तरी बडवावं तसे. माझी बायको मेधा दाराच्या फटीला ओला टॉवेल लावते. संध्याकाळी पिळला की त्यातून तांबूस, गढूळ पाणी निघतं. ते मला बघवत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या शमालमध्ये असाच एक टॉवेल मी पाहिला होता, ट्रेव्हर नावाच्या सहकाऱ्याच्या फुटलेल्या डोक्यावर दाबून धरलेला. तो धरणारे हात इनासचे होते.

इनास वसईचा. आमच्या कंत्राटदार कंपनीत सेफ्टी ऑफिसर. पहाटे अल खोरहून रास लफानच्या गॅस प्लांटला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो पहिल्यांदा माझ्या शेजारी बसला, तेव्हा त्याचं मराठी ऐकून मी नाशिकचा म्हणून ओळख दिली आणि आपल्या सवयीनं विचारलं होतं, "आडनाव काय म्हणालात?"

"लोपीस."

"अच्छा, म्हणजे..."

"हां, म्हणजे तेच," तो हसला. "विचारून घ्या एकदाचं, म्हणजे दोघांनाही पुढं झोप लागेल."

मी ओशाळलो. मग म्हणालो, "तसं नाही हो, तुमचं मराठी अगदी आपल्यासारखं आहे."

"आपल्यासारखं म्हणजे कुणासारखं, नाशिककर?"

तिथून आमचं अरे-तुरे सुरू झालं. त्याची बायको रीटावहिनी हॉस्पिटलमध्ये नर्स होती. गणपतीत ती दोघं आमच्या आरतीला टाळ वाजवायला येत, आणि नाताळात आम्ही त्यांच्याकडे इंदेलाचं, त्यांच्या आंबट-तिखट मसाल्यातलं, मटण खायला जात असू. तरीही त्या पहिल्या दिवशी माझ्या मनात त्याचा एक कप्पा ठरला होता. मैत्री वाढली, पण कप्पा मी काही पुसला नाही. चांगल्या माणसांना सोयीच्या जागी ठेवून देतात, तसं त्याला तिथंच ठेवलं.

त्या उन्हाळ्यात प्लांटचा एक भाग बंद ठेवून मोठी दुरुस्ती चालली होती. त्यासाठी बाहेरून माणसं आली होती. त्यांत ट्रेव्हर आणि शॉन होते, दोघेही उत्तर आयर्लंडचे, टर्बाइनच्या कामातले. आम्ही सगळे त्यांना "ते दोन आयरिश" म्हणायचो. ट्रेव्हर प्रत्येक वेळी मान न वळवता दुरुस्ती करायचा, "एक आयरिश. एक ब्रिटिश." शॉन शीळ घालत पाना फिरवत राहायचा. ट्रेव्हर प्रोटेस्टंट; शॉन इनाससारखाच कॅथलिक, आणि इथल्या शुक्रवारच्या सुट्टीला ते दोघं एकाच गाडीनं चर्चला जात.

मला गंमत वाटायची. इनासकडून खोदून खोदून मी सगळं काढून घेतलं. त्यांच्या बेटाचा बराचसा भाग स्वतंत्र देश आहे, आणि उत्तरेचा एक तुकडा ब्रिटनकडे राहिला आहे. तिथले प्रोटेस्टंट सहसा ब्रिटनला धरून, कॅथलिक सहसा आयर्लंडला धरून. तीस वर्षं त्यांनी एकमेकांना मारलं. दारात, दुकानात, मोटारीखाली बॉम्ब लावून. मग करार झाला. त्यात लिहिलं आहे की बहुमताची इच्छा दिसली, तर मतदान घेऊन प्रांत आयर्लंडमध्ये जाऊ शकतो. म्हणजे देश कोणता, हे शेवटी डोकी मोजून ठरणार. आणि नुकत्याच झालेल्या शिरगणतीत, प्रांत जन्मल्यापासून पहिल्यांदाच, शॉनकडची माणसं ट्रेव्हरकडच्यांपेक्षा जास्त भरली होती.

नावावरून, शाळेवरून तिथंही माणूस ओळखतात, हे ऐकून मला त्या देशाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. आज त्या आपलेपणाची लाज वाटते.

एकदा बसमध्ये मी शॉनला विचारलं होतं, "मतदान झालं तर तू आयर्लंडलाच देणार ना?"

"मी?" तो म्हणाला. "आधी मला सांगा, सीमा गेल्यावर माझ्या आईचं डायलिसिस फुकट राहणार की नाही. मग बोलू." मागच्या सीटवर ट्रेव्हर होता. तो कधी नव्हे तो आपणहून बोलला. त्याची मुलगी डब्लिनला शिकत होती आणि तिनं आयरिश पासपोर्ट काढला होता. "एअरपोर्टवरची रांग लहान असते म्हणे," तो म्हणाला, आणि आपली मुलगी हातातून निसटल्यासारखं खिडकीबाहेर बघत राहिला. शॉन हसला नाही. त्यानं फक्त पाण्याची बाटली मागं सरकवली.

हे सगळं मी ऐकलं होतं. शिरगणतीच्या आकड्यात माणसं जशी बसवलेली असतात तशी ती खरोखर बसत नाहीत, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. तरी पुढच्याच आठवड्यात मी ती थट्टा केली.

दुपारची चहाची सुट्टी होती. वर्कशॉपचं पत्र्याचं शटर शमालनं थडथडत होतं, जणू बाहेरून कुणी लाथा घालतंय. आत आम्ही चौघं. मी कप उचलून म्हणालो, "शॉन, अभिनंदन! आता तुम्ही जास्त झालात. ट्रेव्हरला स्वतःच्या घरात राहायला रेसिडन्स परमिट लागणार. आणि त्याचा कफील कोण? तू!"

कफील म्हणजे इथला पुरस्कर्ता, ज्याच्या नावावर आमचा सगळ्यांचा व्हिसा असतो. ज्याच्या सहीशिवाय एके काळी इथून घरीही जाता येत नसे. आखातातल्या माणसाला ही थट्टा लगेच कळते, कारण ती आपल्याच बरगडीत बसलेली असते. मला वाटलं, सगळे हसतील. शॉननं मान हलवली, "सुधीर, नको." शटर एका बाजूनं उचकटलं, वाळूचा लोट आत आला. मी धावत जाऊन शटरचा कडीकोयंडा धरला. माझी पाठ होती, डोळ्यांत वाळू होती. मागं लोखंड हाडावर पडल्याचा आवाज झाला. तो आवाज जड नसतो. ओलं लाकूड मोडावं तसा असतो.

मी डोळे चोळून वळलो तेव्हा शॉनचा डावा हात कोपराखाली भलतीकडेच वळून लोंबत होता. उजव्या हातात मोठा पाना होता. ट्रेव्हर जमिनीवर होता, कपाळाची कातडी सुटून भुवईवर आली होती, आणि शॉन गुडघ्यानं त्याच्या छातीवर बसून ओरडत होता, शब्द नव्हते, नुसता आवाज. इनासनं त्याला मागून कवेत धरून ओढलं. दोघे ऑइलच्या थारोळ्यात पडले. रक्त आणि ऑइल एकमेकांत मिसळत नाहीत, हे मी त्या दिवशी पाहिलं. ऑइल वर तरंगतं, रक्त खालून कडेनं वाट काढतं.

इनासनं ट्रेव्हरच्या कपाळावर टॉवेल दाबून धरला. कुणीतरी अलार्म दाबला आणि ॲम्ब्युलन्स दोघांना घेऊन गेली. नियमाप्रमाणे सगळे हातातलं टाकून मोकळ्या जागेवर जमले आणि डोकी मोजली गेली. दोन कमी भरली. गॅसगळतीच्या भीतीनं ठेवलेली ही मोजणी आहे. तिच्यात कोण कुणाचा, हे कुणी विचारत नाही. कोण जिवंत आहे आणि कोण आत राहिलं, एवढंच तिला हवं असतं. वाळूच्या भिंतीत उभे राहून आम्ही आपापल्या नावाला ओ देत होतो, आणि इनासच्या पिवळ्या जाकिटावर दोघांचंही रक्त होतं.

माझं लहानपण नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात गेलं. बारावीत असताना तिथं दंगल झाली. आमच्या गच्चीवर विटांचे तुकडे जमवलेले होते. काका कठड्याशी उभे राहून घरं मोजत होते. "तिकडून तेवढे ते. इकडून आपण. भिऊ नका रे, आपण जास्त आहोत." खाली घड्याळं दुरुस्त करणारा एकजण सायकल हातात धरून दुकानाकडे निघाला होता. दुकानाला आग लागली होती, ती त्याला दिसत होती. गच्चीवरून विटा सुटल्या. एक तुकडा माझ्याही हातातून सुटला. तो त्याला लागला की नाही, मला माहीत नाही. सायकल पडली आणि तिचं मागचं चाक बराच वेळ फिरत राहिलं. पुढं तो माणूस गावात दिसायचा, एका डोळ्यावर पट्टी असायची. काका त्याच्याकडेच घड्याळ दुरुस्तीला टाकायचे.

"आपण जास्त आहोत" आणि "ते जास्त होत चाललेत", ही दोन वाक्यं मी आयुष्यभर ऐकत आलोय. एक फुशारकीचं, दुसरं भीतीचं. पण दोन्ही म्हणताना माणसाचा हात नकळत काहीतरी उचलण्यासाठी खाली जातो. मी ते गच्चीवर पाहिलं होतं. वर्कशॉपमध्ये मी हसत हसत पहिलं वाक्य शॉनच्या तोंडात घातलं आणि दुसरं ट्रेव्हरच्या.

या देशात तर मूळचे लोक थोडे आणि बाहेरचे जास्त. बाहेरच्यांना मत नाही, राजवटीत वाटा नाही, आणि आपण किती आहोत याची इथं कुणी मोठ्यानं चर्चाही करत नाही. म्हणूनच असेल, आम्ही आपापल्या गावांची शिरगणती चहाबरोबर चघळत बसतो. सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी दिवाणखान्यात फोन फिरतो, कुठल्या जिल्ह्यात कोण किती टक्के झाले त्याचे निरोप वाचले जातात. एकदा माझी मुलगी तिथं बसली होती. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. घरी जाताना तिनं विचारलं, "बाबा, व्हाय डू यू ऑल काउंट पीपल यू डोन्ट नो?" मी म्हणालो, "तुला नाही कळायचं." तिला कळलेलं होतं.

चौकशी पोर्टेबल केबिनमध्ये झाली. आमचे मॅनेजर मिस्टर हानी, इजिप्तचे, शांत गृहस्थ. डोक्याला टाके घातलेला ट्रेव्हर खुर्चीत ताठ बसला होता. शॉननं आधी मारलं, असं तो म्हणाला. मग कुणी न विचारता म्हणाला, "माझ्या बापाला गोठ्यात गोळ्या घातल्या. दूध काढत होता. गाय त्याच्या अंगावर कोसळली. मी आठ वर्षांचा होतो. त्यांना आमची जमीन हवी होती. आणि आता मी कुणाच्या परवानगीनं राहायचं?" त्याचा आवाज चढला नाही. केबिनचा पत्रा तेवढा वाजत होता. शॉनच्या थोरल्या भावाला दुसऱ्या बाजूच्यांनी दारूच्या गुत्त्यात टेबलाखालून ओढून काढून मारलं होतं, हे मला पुढं कळलं. शॉन स्वतः हॉस्पिटलमध्ये होता; त्याचं कुणी ऐकलंच नाही.

इनासनं लेखी सांगितलं होतं, ट्रेव्हरनं पाना उगारला, शॉनचा हात मोडला, मग शॉननं पाना हिसकावला. बघणारा तो एकटाच होता.

ट्रेव्हर बाहेर गेल्यावर हानीसाहेबांनी मला विचारलं, "तुम्ही मारामारी पाहिली नाही. पण लोपीसला तुम्ही ओळखता. त्याच्या सांगण्यावर विसंबू का?"

माझ्या मनात तेव्हा काय होतं, ते आज लिहायचंच आहे. इनासचं खरं मानलं तर पुढचा प्रश्न येणार होता, ट्रेव्हरनं हात का उचलला? आणि मग माझी थट्टा बाहेर येणार होती. मुलीची शाळा, गावाकडचं घर, माझा व्हिसा, सगळं त्या एका प्रश्नावर टांगलेलं होतं. शिवाय तो कप्पा होताच, पहिल्या दिवसापासून तयार. हात घातला की हवं ते वाक्य मिळालं.

"इनास दर शुक्रवारी त्याच्याबरोबर चर्चला जातो, सर."

हानीसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "खलास," ते म्हणाले.

मोडक्या हातासकट शॉनची रवानगी झाली, आखातात पुन्हा काम मिळणार नाही अशा शेऱ्यासह. ट्रेव्हर काम संपवून गेला. आमच्या मराठी मंडळींत बातमी पसरली की इनासनं आपल्या पंथाच्या माणसाला वाचवायला खोटं सांगितलं. मी ती पसरवली नाही. पण कुणी माझ्यासमोर बोललं की मी प्लेटमधल्या वेफर्सकडे बघायचो. इनासनं बदली मागून घेतली आणि ती दोघं दुसऱ्या गावी, उम्म सलाल मोहम्मदला, राहायला गेली. त्या वर्षी आरतीला टाळ दुसऱ्याच कुणीतरी वाजवला. ताल चुकत होता.

गेल्या आठवड्यात इनास पुन्हा आमच्या साइटवर आला. नवीन दुरुस्तीसाठी सेफ्टीचा प्रमुख म्हणून. मोकळ्या जागेवर अलार्मची तालीम होती. त्यानं नावं पुकारली. माझं नाव आलं तेव्हा त्यानं मान वर केली नाही. मी ओ दिली. वाऱ्यात ती त्याला ऐकू गेली की नाही कोण जाणे. त्यानं पुढचं नाव घेतलं.

शुक्रवारी मी त्याच्या घरी गेलो. शमालनं रस्त्यावर वाळूची जनावरं सोडली होती, सरपटत गाडीखालून जात होती. रीटावहिनींनी दार उघडलं. "या," म्हणाल्या, "बसा" म्हणाल्या नाहीत.

इनास आतून आला. मी सगळं एका दमात सांगितलं. थट्टा, भीती, वाक्य.

"तू म्हणालास ते खोटं होतं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग रडतोस कशाला? जात होतोच मी त्याच्याबरोबर चर्चला. तो गाडी चालवायचा, मला फुकट लिफ्ट." त्यानं समोरची खुर्ची ओढली. "सुधीर, तुला एक सांगू? माझ्या साक्षीत खोट होतीच. मी लिहिलं, 'काहीतरी बोलणं झालं आणि ट्रेव्हर भडकला.' कोण बोललं ते लिहिलं नाही. पक्षपात केला मी. पण शॉनसाठी नव्हे रे."

"म्हणजे माझ्यासाठी?" मी विचारलं.

"त्या गरीब शॉननंसुद्धा हॉस्पिटलात मला सांगितलं, त्या इंडियनचं नाव नको घेऊस, त्याची मुलगी शाळेत आहे," इनास म्हणाला. "तो आता गावी बस चालवतो. हात नीट वळत नाही. आई गेली त्याची." रीटावहिनी आत निघून गेल्या, भांड्यांचा आवाज आला.

"इनास, मला माफ..."

"इथं नको." त्यानं हात वर केला. "माझ्या घरात मी खोटा नव्हतोच. जिथं बोललास तिथं बोल."

हानीसाहेबांकडे जायच्या आदल्या संध्याकाळी मी मेधाला माझा बेत सांगितला. ती टॉवेल पिळत होती. "नोकरी जाईल?" तिनं विचारलं. "जाऊ शकते." तिनं टॉवेल झटकून पुन्हा फटीला लावला. "मग जा तरी लवकर," ती म्हणाली. "तुझ्या त्या एका वाक्यासोबत तीन वर्षं मीही राहिलेय."

केबिन तीच, पत्रा तसाच वाजत होता. हानीसाहेब आता जास्त पिकले आहेत. इनास दाराशी उभा राहिला, हेल्मेट काखेत धरून. मी इंग्रजीत सगळं सांगितलं. थट्टा माझी होती. मारामारी तिच्यातून सुरू झाली. इनासनं पाहिलं ते खरं होतं, आणि मी त्याचा पंथ पुढं करून ते मोडलं, स्वतःला वाचवण्यासाठी. हानीसाहेब म्हणाले, "ती फाइल बंद झाली आहे. आता का?" मी म्हणालो, "सर, त्या माणसाचा हात अजून वळत नाही. हे लिहून घ्या आणि त्याच्या नावापुढचा शेरा काढता येत असेल तर काढा. माझं जे करायचं ते करा." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पुढं काय होईल, मला ठाऊक नाही.

मग मी दाराकडे वळलो. हानीसाहेबांना मराठी कळत नाही, पण त्यांच्यासमोरच बोलायचं होतं.

"इनास, तू काय पाहिलंस हे मी तुला कधी विचारलंच नाही. तू कुणाचा, एवढंच मोजलं. आणि तू तेव्हा माझा होतास. माझं चुकलं. मला क्षमा कर."